ऐंशी हजारांचा फोन, सात वर्षांचा हिशोब

आपल्या घरात फ्रिज घ्यायचा असला की चार दुकाने पालथी घालतो. शिवणयंत्र घ्यायचे तर शेजारच्या खालांचा सल्ला घेतो, मोटारसायकल घ्यायची तर मेकॅनिकला विचारतो. फोनच्या बाबतीत मात्र उलटे होते. त्याच किमतीचा, कधी त्याहून महाग फोन, घरातला कॉलेजात जाणारा मुलगा सांगेल तो आणि दुकानदार दाखवील तो, पंधरा मिनिटांत घेऊन मोकळे होतो. दोन वर्षांनी तो मंद झाला, बॅटरी दुपारीच संपू लागली, की पुन्हा तीच घाई.

यंदा आमच्या घरात असा एक मोठा फोन घ्यायचे ठरले. कारण चैनीचे नव्हते. आमच्या धाकट्या जाऊबाई घरातच लग्नाचे शरारे, दुपट्टे शिवतात. जरीकामाचे फोटो काढून त्या व्हॉट्सअॅपवर पाठवतात आणि त्यावरच त्यांची गिऱ्हाइके ठरतात. फोन हे त्यांच्या कात्री-सुईसारखेच कामाचे साधन आहे. पैसे भिशीतले आणि त्यांच्या कमाईतले. म्हणून आम्ही सर्वांनी मिळून दोन फोन समोरासमोर ठेवले आणि सवडीने तपासले. तो हिशोब इतर घरांनाही उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडत आहोत.

एकच किंमत, एकच वायदा

दोन्ही फोन २०२४ सालचे. पहिला सॅमसंगचा गॅलेक्सी एस २४, जानेवारीत आलेला. दुसरा गूगलचा पिक्सेल ९, ऑगस्टमध्ये आलेला. २५६ जीबी साठवणुकीच्या फोनची भारतातील सुरुवातीची किंमत दोन्हींची अगदी सारखी, ७९,९९९ रुपये. दोन्ही अँड्रॉइडवर चालतात. दोन्ही कंपन्यांनी सात वर्षे अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या आणि सुरक्षेची अद्ययावत भर देण्याचा शब्द दिला आहे.

आमच्या मते या फोनांतली सर्वांत मोलाची गोष्ट हा शब्दच आहे. बँकेचे आणि यूपीआयचे व्यवहार फोनवर होतात. सुरक्षेची भर थांबली की फोन दिसायला धडधाकट असला तरी आतून उघड्या दाराच्या घरासारखा होतो. पुढे पुढे काही अॅपही जुन्या अँड्रॉइडवर चालेनाशी होतात. म्हणजे फोनचे खरे आयुष्य काचेवर नव्हे, या भरीवर ठरते.

आता साधा भागाकार करू. ७९,९९९ रुपये सात वर्षांत वाटले तर वर्षाला सुमारे ११,४०० रुपये, महिन्याला साडेनऊशे. तोच फोन दोन वर्षांत बदलला तर वर्षाला ४०,००० रुपये. जुना विकून काही हाती येईल, तरी फरक मोठाच राहतो. महाग फोन स्वस्त पडतो की महाग, हे किमतीच्या चिठ्ठीवर नसते. तो घरात किती वर्षे टिकतो यावर असते. म्हणून आम्ही प्रत्येक मुद्द्याला एकच प्रश्न विचारला: सात वर्षे वापरायचा तर ही गोष्ट कामाची आहे का?

हातात घेतल्यावर

गॅलेक्सीचा पडदा ६.२ इंचांचा, पिक्सेलचा ६.३ इंचांचा. हा फरक डोळ्यांना जाणवत नाही, मनगटाला मात्र वजन जाणवते. गॅलेक्सी १६७ ग्रॅम, पिक्सेल १९८ ग्रॅम. एकतीस ग्रॅम म्हणजे फार नाही, पण रात्री पडल्या पडल्या फोन हातात धरून वाचणाऱ्या आमच्या दादींनी दोन्ही उचलून पाहिले आणि हलका फोन बाजूला ठेवला. घरातले वडीलधारेही फोन वापरणार असतील तर त्यांच्या हातात देऊन पाहा. दुकानात हा विचार कोणी करत नाही.

दोन्ही पडदे भर उन्हातही वाचता येतात. बोटाचा ठसा वाचणारी यंत्रणा दोन्हींत पडद्याखाली आहे आणि ती ध्वनिलहरींवर चालते. प्रकाशावर चालणाऱ्या जुन्या पद्धतीपेक्षा ती ओलसर बोटाला चांगली साथ देते. वुजू करून आल्यावर किंवा स्वयंपाकघरातून हात धुऊन आल्यावर याचा उपयोग कळतो.

पाण्यापासून संरक्षणाचे आयपी ६८ हे मानांकन दोन्हींना आहे. कोकणात राहणाऱ्यांना ते बरे वाटते. पण हे मानांकन गोड्या पाण्याच्या चाचणीचे आहे, समुद्राच्या खाऱ्या पाण्याचे नाही. शिवाय पाणी शिरून झालेले नुकसान बहुधा वॉरंटीत बसत नाही. फोन पावसात भिजला तर वाचेल, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

दोन्हींत मेमरी कार्ड घालायला जागा नाही. जुन्या गोल पिनेचे इअरफोन लागत नाहीत. आणि डब्यात चार्जर नसतो, फक्त केबल असते. ऐंशी हजारांत चार्जर, कव्हर आणि काचेचा खर्च वेगळा धरा.

बॅटरी आणि आपला उन्हाळा

गॅलेक्सीची बॅटरी ४,००० एमएएचची, पिक्सेलची ४,७०० एमएएचची. येथे पिक्सेल उघडच पुढे आहे. दिवसभर बाहेर राहणाऱ्याला, प्रवास करणाऱ्याला हा फरक कामाचा. चार्जिंगचा वेग जवळपास सारखा: गॅलेक्सी २५ वॉट, पिक्सेल २७ वॉट. याहून कितीतरी वेगाने चार्ज होणारे स्वस्त फोन बाजारात आहेत, हेही सांगायला हवे.

मात्र सात वर्षांच्या हिशोबात एक गोष्ट पक्की धरा. बॅटरी सात वर्षे टिकणार नाही. पिक्सेलची बॅटरी सुमारे १,००० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर तिची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास राहते, असे गूगल सांगते. रोज एकदा चार्ज केला तर हा पल्ला तीन वर्षांत येतो. म्हणजे मध्ये एकदा तरी बॅटरी बदलण्याचा खर्च आहे. तो आधीच विचारून ठेवा.

बॅटरी जपायची असेल तर दोन्ही फोनांत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे. पिक्सेलमध्ये ती २०२४ च्या डिसेंबरच्या भरीत आली. दोन्ही कंपन्या सांगतात की फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा. मे महिन्यात नागपूर, जळगाव, परभणीकडे पारा कुठे जातो ते आपल्याला ठाऊक आहे. उमऱ्याला जाणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे. परवानगीपासून रौजा शरीफच्या भेटीच्या वेळेपर्यंत सारे नुसुक अॅपवर असते आणि बाहेर ऊन असते. फोन उन्हात, बंद गाडीत, चार्जरला लावून उशीखाली ठेवू नये. उष्णता हीच बॅटरीची मोठी वैरी.

कॅमेरा: कोणाला काय हवे?

कॅमेऱ्याच्या आकड्यांनी माणूस भुलतो. आम्ही आकडे बाजूला ठेवले आणि घरात कोणते फोटो काढले जातात याची यादी केली.

निकाहच्या मंडपात मागच्या रांगेतून स्टेजवरचा फोटो काढायचा असेल तर गॅलेक्सी बरा. त्यात तीनपट जवळ आणणारी वेगळी भिंग आहे. पिक्सेल ९ मध्ये अशी वेगळी भिंग नाही. तो मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करतो.

उलट, जवळून काढायच्या फोटोत पिक्सेल पुढे. त्याचा रुंद कोनाचा ४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा अगदी जवळच्या वस्तूवरही नजर स्थिर करतो. जरीचा टाका, मोत्याची किनार, मेंदीची रेघ स्पष्ट येते. गॅलेक्सीचा रुंद कोनाचा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा आहे आणि इतक्या जवळची नजर त्याला नाही. जाऊबाईंच्या कामासाठी हा मुद्दा वजनदार होता.

ईदच्या दिवशी सगळे घर जमते आणि फोटो काढणारा एकजण कायम फोटोबाहेर राहतो. पिक्सेल ९ मध्ये यावर एक सोय आहे. पहिला फोटो एकाने काढायचा, मग जागा बदलून दुसऱ्याने काढायचा, आणि फोन दोन्ही जोडून सर्वांना एका फोटोत आणतो. आमच्या मुलांना ती फारच आवडली. पण वर्षातून दोन दिवसांच्या सोयीसाठी फोन निवडायचा नसतो, हेही त्यांना सांगावे लागले.

वेग आणि 'हुशारी'

भारतात २०२४ मध्ये विकला गेलेला गॅलेक्सी एस २४ सॅमसंगच्याच एक्सिनोस २४०० चिपवर चालतो. पिक्सेल ९ गूगलच्या टेन्सर जी ४ चिपवर. गंमत म्हणजे गूगलची ही चिपही सॅमसंगच्याच कारखान्यात तयार होते. जड गेम खेळायचे असतील तर एक्सिनोस पुढे राहतो. रोजच्या कामात दोन्ही कुठे अडत नाहीत. रॅम मात्र पिक्सेलमध्ये १२ जीबी, गॅलेक्सीत ८ जीबी. पुढची सात वर्षे अॅप जड होत जाणार आहेत, तेव्हा हा फरक पिक्सेलच्या बाजूने मोजावा.

जाहिराती आज सर्वाधिक बोलतात त्या कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल. येथे सावध राहा. गॅलेक्सी एस २४ मध्ये फोनवरचे बोलणे लगेच दुसऱ्या भाषेत करून देण्याची सोय आली, तेव्हाच्या १३ भाषांत हिंदी होती, मराठी नव्हती. अरबी काही महिन्यांनी आली. या सोयी २०२५ अखेरपर्यंत मोफत, असे सॅमसंगने तेव्हा तळटिपेत लिहिले होते. मग सात वर्षांच्या हिशोबात त्या पूर्ण कशा धरायच्या?

दुसरीकडे, गूगलचे जेमिनी अॅप २०२४ च्या जूनमध्ये भारतात आले तेव्हा नऊ भारतीय भाषांत मराठी आणि उर्दू दोन्ही होत्या. पण हे अॅप गॅलेक्सीवरही चालते आणि पंचवीस हजारांच्या फोनवरही. जे सगळीकडे मिळते ते एखादा फोन घेण्याचे कारण होऊ शकत नाही.

घरातले फोटो आणि दुरुस्तीचे दुकान

आपल्या घरांत हा प्रश्न नाजूक आहे आणि त्यावर कोणी उघडपणे बोलत नाही. फोनमध्ये घरातल्या स्त्रियांचे, मुलींचे फोटो असतात. पडदा फुटला की तोच फोन कुलूप उघडून दुकानदाराच्या हाती द्यावा लागतो.

दोन्ही फोनांत यावर उपाय आहे. सॅमसंगमध्ये 'मेंटेनन्स मोड' आणि पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड'. सेटिंगमधून तो चालू केला की दुरुस्ती करणाऱ्याला फोन तपासता येतो, पण फोटो, संदेश, संपर्क काहीच दिसत नाही. फोन परत आल्यावर आपल्या पासवर्डने तो बंद करायचा, सारे जसेच्या तसे. आजच घरातल्या मुलींना ही जागा दाखवून ठेवा. फोन मुलांच्या हाती जात असेल तर सॅमसंगमध्ये 'सिक्युअर फोल्डर' आणि अँड्रॉइड १५ वरच्या पिक्सेलमध्ये 'प्रायव्हेट स्पेस' अशी वेगळ्या कुलपाची कपाटेही आहेत.

फोन बिघडला तर जायचे कुठे?

आमचा निर्णय खरा याच प्रश्नावर ठरला. सॅमसंगची सेवा केंद्रे जिल्ह्यांच्या आणि मोठ्या तालुक्यांच्या गावांपर्यंत पोहोचली आहेत. गूगलची मोजक्या शहरांत आहेत. मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या घराला पिक्सेलचा पडदा बदलायचा तर फोन मुंबईला पाठवावा लागेल. लग्नसराईत आठ दिवस फोन हाताशी नसला तर जाऊबाईंच्या ऑर्डर थांबतील. सात वर्षांत असा प्रसंग एकदा तरी येणारच.

म्हणून खरेदीपूर्वी जवळच्या सेवा केंद्रात जाऊन तीन गोष्टी विचारा. मूळ पडदा बदलायला किती पैसे? बॅटरी बदलायला किती? सुटा भाग येथे असतो की मागवावा लागतो, आणि त्याला किती दिवस? ही उत्तरे फोनच्या डब्यावर छापलेली नसतात.

आखातातून भाऊ, मामू फोन आणतात, हा आपल्याकडचा जुना रिवाज. आमचे भाऊजान दोहाला आहेत, त्यांनीही विचारले. पण फोनची वॉरंटी बहुधा ज्या देशात विकला त्या देशापुरती असते. आणलेला फोन येथे बिघडला तर दुरुस्तीचा सगळा खर्च आपल्या माथी येऊ शकतो. थोड्या बचतीसाठी वॉरंटी सोडायची का, याचा विचार आधी करावा. आम्ही भाऊजानांना नम्रपणे नको म्हटले.

'नो कॉस्ट' हप्ता म्हणजे काय?

दुकानात शिरताच ऐकू येते, 'व्याज नाही, नुसते हप्ते.' व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या घरांना हे ऐकून बरे वाटते. पण कागद वेगळे सांगतो. बँक बहुधा व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट दाखवून ते भरून काढतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या सप्टेंबरमध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही आणि अशा योजनांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या रूपात झाकले जाते.

उदाहरण घ्या. समजा बँकेचे एकूण व्याज ५,००० रुपये झाले आणि विक्रेत्याने ५,००० ची सूट दिली. व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९०० रुपये आपल्याला भरावे लागतात. प्रक्रिया शुल्क समजा १९९ रुपये, त्यावरही जीएसटी. झाले सुमारे ११३५ रुपये. रोख घेणाऱ्याला तीच सूट सरळ मिळाली असती का, हे विचारून पाहा. पैशांपेक्षा मोठी गोष्ट अशी की कार्डाच्या पत्रकावर 'व्याज' हा शब्द छापून येतो. ते आपल्याला चालणारे आहे की नाही, हे विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर ठरवू नका. योजनेचा कागद घ्या, वाचा, आणि शंका असल्यास जाणकार आलिमांना तो दाखवून विचारा.

आम्ही भिशीचा रस्ता धरला. दहा महिने, दरमहा आठ हजार. थांबण्याचा आणखी एक फायदा असा की असे फोन सोन्यासारखे किंमत धरून राहत नाहीत. सॅमसंगचे नवे गॅलेक्सी वर्षाच्या सुरुवातीला येते, गूगलचे पिक्सेल ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास. नवा आला की आधीचा उतरतो. मात्र एक सावधगिरी हवी. सात वर्षे फोन बाजारात आल्यापासून मोजतात, आपण घेतल्यापासून नाही. गॅलेक्सी एस २४ ची भर २०३१ च्या सुरुवातीपर्यंत, पिक्सेल ९ ची २०३१ च्या ऑगस्टपर्यंत. वर्षभराने घेतला तर सहाच वर्षे हाती राहतात, किंमत त्या प्रमाणात उतरली आहे का ते पाहा.

मग कोणता घ्यावा?

शहरात राहता, दिवसभर बाहेर असता, जवळचे आणि घरगुती फोटो जास्त काढता, तर पिक्सेल ९. बॅटरी मोठी, रॅम जास्त. गावात राहता, हलका फोन हवा, लांबचे फोटो काढता आणि दुरुस्ती हाकेच्या अंतरावर हवी, तर गॅलेक्सी एस २४.

आणि या दोन्हींच्या आधी एक तिसरा प्रश्न: एवढा मोठा फोन हवाच का? फोन फक्त बोलणे, व्हॉट्सअॅप, यूपीआय आणि मुलांच्या अभ्यासासाठी असेल तर नको. गूगलचाच पिक्सेल ८ ए २०२४ च्या मे महिन्यात ५२,९९९ रुपयांना आला आणि त्यालाही सात वर्षांचाच शब्द आहे. वर्षाचा खर्च साडेसात हजारांच्या आसपास. उरलेले सत्तावीस हजार एखाद्या मुलीच्या फीला कामी येतील.

आमच्या घरात जरीच्या फोटोंसाठी मन पिक्सेलकडे ओढत होते, पण मत गॅलेक्सीला पडले. जाऊबाई म्हणाल्या, "टाका जवळून दाखवायला मी दिव्याखाली दोन फोटो जास्त काढीन. पण फोन मुंबईला गेला तर गिऱ्हाईक माझी वाट पाहणार नाही." त्या फोन कमाईसाठी घेत होत्या, म्हणून शेवटचा शब्द त्यांचा.

घेताना पक्के बिल घ्या, त्यावर फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक लिहून घ्या. फोनवर *#०६# दाबले की तोच क्रमांक दिसला पाहिजे, डब्यावरही तोच हवा. के-वाय-एम ही तीन इंग्रजी अक्षरे, एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की तो कोणत्या कंपनीचा, कोणत्या मॉडेलचा आहे हे कळते. हे सारे दुकानातच, पैसे देण्यापूर्वी करा. दुकानदार घाई करू लागला तर चहा मागवायला सांगा आणि निवांत बसा. सात वर्षांची वस्तू आहे, अर्धा तास तिला द्यायलाच हवा.